खायला एक ऊस

थोरल्याने कोयत्याने ऊस उभा चिरला आणि पुतणीच्या नाकापुढे धरला. "बघ. आतून कसा पांढराशुभ्र! आणि तुझ्या बापाचा?"

"लाल. वर आंबूस वास," पुतणी म्हणाली. ती प्रयोगशाळेत उसाच्या रोगांवर काम करायची. "बुरशीनं सगळा फड कुजवला. नव्या लागणीलाही कूज लागली तर बाबा शेत विकणार. मोठेकाका, बेण्यापुरता तरी ऊस द्या."

"माझ्या फडातलं कांडंसुद्धा त्याच्या शेतात जाणार नाही. आधी माझ्या शिडीची पायरी आण म्हणावं!"

धाकट्याने एकदा शिडी उसनी नेली आणि एक पायरी गाळून परत केली. तेव्हापासून सख्ख्या भावांत विळ्याभोपळ्याचं सख्य.

"मग माझ्या जिवाणूंवरच भिस्त," ती म्हणाली. "निरोगी झाडाच्या पोटात बिऱ्हाड करून असतात. बुरशीला उंबरठा ओलांडू देत नाहीत. विरजणासारखे बाटलीत वाढवायचे आणि त्या पाण्यात बेणं बुडवून लावायचं."

"रोगावर इलाज जंतूंचा? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" थोरला पोट धरून हसला.

पुतणीने बिस्कीट चहात भिजवून एकाच गालाने हळूहळू चघळलं. दाढ ठणकत होती. निघताना म्हणाली, "एक ऊस द्या ना, खायला."

थोरला विरघळला. पोरीवर राग कसला? त्याने फडातला सगळ्यात सरळ ऊस मुळासकट उपटून दिला. तिने तो ओल्या फडक्यात गुंडाळला.

"तान्हं बाळ आहे का ते?"

"वाटेत सुकेल हो."

पुढे धाकट्याचा नवा ऊस डोक्यावर गेला. थोरल्याला राहवेना. एका दुपारी तो बांध ओलांडून गेला, न विचारता एक ऊस तोडला आणि उभा चिरला.

पांढराशुभ्र.

"पायरी न्यायला आलास?" मागून धाकट्याने विचारलं.

"ठेव तुलाच! शेत वाचलं ते पोरीच्या जंतूंनी. माझं कांडंही लागलं नाही तुला, एवढं ध्यानात ठेव."

मान ताठ ठेवून तो घरी आला. ओट्यावर पुतणी वाट बघत होती.

"मोठेकाका, आता सगळ्या शिवाराला बाटल्या हव्यात."

"मग दे की! मला कशाला विचारतेस?"

पुतणीने पिशवीतून ओलं फडकं काढलं आणि मांडीवर पसरलं.

"विरजण संपलंय. एक ऊस द्या ना."