प्राणी असल्यास आधी कळवा

बेल वाजली तसं वकीलसाहेबांनी चिमटीला उचललं, जिन्याखालच्या अडगळीत सोडलं आणि बाहेरून कडी घातली. कुत्री वीतभर, पण आवाज गल्लीभर.

"बाबा, आत अंधार आहे. ती घाबरेल," लेक रडवेली झाली. चिमटी उशाशी नसली तर पोरीला झोपही येत नसे.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे. आणि तू डोळे पूस, त्या रखवालदाराला कळेल."

सुट्टीसाठी घर भाड्याने घ्यायचं, तर सगळीकडे एकच नियम: सोबत प्राणी असल्यास आधी कळवा. साहेबांनी इमानेइतबारे कळवलं, आणि एकेका घरमालकाने त्यांना गोड बोलून वाटेला लावलं. शेवटी वैतागून या घरासाठी त्यांनी 'प्राणी नाही' असं ठोकून दिलं. वकिलापासून काही लपवू नका, असं अशिलांना रोज बजावणारा माणूस!

पण खोटं बोलून तरी सुख कुठे? इथला रखवालदार सकाळपासून खेटे घालत होता. कधी नळ बघायचा म्हणे, कधी पंखा. मघाशी तर त्याने चक्क पलंगाची गादी उचलून पाहिली. चोराच्या मनात चांदणं.

"सोफ्याखाली जरा बघतो, साहेब," रखवालदार आत येऊन बॅटरी घेऊन आडवाच झाला. "रात्री काही खुडबुड ऐकलीत?"

"कसली खुडबुड? आम्ही तिघंच तर आहोत."

नेमकी तेव्हाच चिमटी अडगळीत गुरगुरली, मग जीव तोडून भुंकू लागली. लेक जोरजोरात खोकली. स्वयंपाकघरात बायकोने रिकामाच मिक्सर लावला. त्या गोंगाटात कोण काय ऐकणार!

मिक्सर थांबला तेव्हा अडगळीत चिडीचूप होतं. शहाणी गं माझी बाय, साहेब मनात म्हणाले. जिवात जीव आला, तसा राग उसळला.

"अहो, काय शोधताय ते एकदा तोंडाने सांगा ना! आम्ही सुट्टीला आलोय की तुरुंगात?"

रखवालदार उठून बसला. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता.

"कळलं तर घर कुणी घेणार नाही, म्हणून मालकांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण आता तुमच्यापासून काय लपवू?" तो हळूच म्हणाला. "त्यांनी पाळलेला अजगर पेटीतून सुटलाय, साहेब. माणसांच्या वाटेला जात नाही तो, आणि तुमच्याबरोबर कुत्रं-मांजर नाही म्हणून मी निर्धास्त आहे. खोल्या सगळ्या पालथ्या घातल्या. आता ती जिन्याखालची अडगळ तेवढी राहिली."