गंजासुराची अट

शेवटच्या पानावर कॉमिकच्या नायिकेकडून गंजासुराचं मुंडकं उडणार होतं, आणि खुद्द गंजासुरानेच ते पान पहिल्याच वाचनात मंजूर केलं. चित्रकार मृदुला पेंढारकरच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

व्हिडिओ गेममधल्या, स्वतः विचार करणाऱ्या पात्राला कॉमिकमध्ये आणायचं तर आता त्याचीच संमती लागायची. हा यंत्रराक्षस साध्या ओरखड्यावरूनही आठवडाभर हुज्जत घालायचा. गेममध्ये तर तो स्वतःला बनवणाऱ्या कंपनीलाही जुमानत नव्हता.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," ती संपादक दिघेंना म्हणाली. तिने पानाचा कोपरा न् कोपरा तपासला. काहीच सापडलं नाही.

शेवटी तिने स्क्रीनवरच्या गंजासुरालाच दरडावलं, "बदल्यात काय हवंय तुला?"

"कॉमिक कागदावर छापा. एवढंच."

"कागदावर कोण वाचतं आता?"

"सोमवारी गेमचं अपडेट येतंय, मृदुलाताई. त्यात मला काढून टाकलंय." त्याने तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. "कागदावर अपडेट येत नाही ना?"

मृदुलाने शेवटचं पान पुन्हा उघडलं. "पण मुंडकं उडालेलं चालेल तुला?"

"चालेल. फक्त डोळे उघडे काढा."