शार्कचा जबडा

"ऊठ. माझी वेळ झाली," कैनात म्हणाली.

मच्छिंद्रनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "चार मिन्टं हायेत अजून," म्हणाला आणि पडद्यावरच्या बेटावर त्यानं आणखी एक खड्डा खणला. खड्ड्यातून निघालं फाटकं पायताण. कैनात मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं हसली.

सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर होता. नगरच्या त्या कॉम्प्युटर क्लासच्या माधुरी मॅडमना गेम तयार करण्याच्या कामात हाताखाली एक माणूस हवा होता. त्यांनी स्वतः लिहिलेला एक गेम फ्लॉपीवर घालून सगळ्यांना वाटला होता. त्यात एक बेट होतं, बेटावर गाव. गावात राहायचं, झाडं लावायची, मासे धरायचे, जमीन खणायची आणि सापडलेली जुनी हाडं गावच्या संग्रहालयात नेऊन मांडायची. संग्रहालयाच्या मधोमध एक रिकामा चौथरा होता. तो लाखो वर्षांपूर्वीच्या राक्षसी शार्कचा. दात, मणके आणि जबडा, असे तीन तुकडे मिळून तो पुरा व्हायचा.

"पंधरा दिवसांत ज्याच्या चौथऱ्यावर पुरा शार्क उभा राहील, नोकरी त्याची," मॅडम म्हणाल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी सूर्यभाननं शेजाऱ्याच्या फ्लॉपीची नक्कल केली. मॅडमनी ती फ्लॉपी त्याच्यासमोर मोडली आणि त्याला दार दाखवलं. बाकीचे खणून खणून कंटाळले. उरले दोघंच, मच्छिंद्र आणि कैनात. मशीन मात्र एकच मिळालं होतं, सकाळी त्याला आणि दुपारी तिला.

दोघांचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. उठताना तो बटण फिरवून पडदा काळाकुट्ट करून ठेवायचा. ती खुर्ची इतकी खाली करून जायची की सकाळी आल्यावर त्याचं ढुंगण आदळायचं. तो पाथर्डीचा, पहाटेच्या एसटीनं यायचा. "आला ऊसतोड्या," असं ती मैत्रिणीजवळ म्हणाल्याचं त्यानं एकदा ऐकलं होतं. ते त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्याची आई कडूबाई दरवर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायची, हे काही खोटं नव्हतं. यंदा तिला जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

दात त्याला तिसऱ्या दिवशी मिळाले, मणके सहाव्या. कैनातलाही दोन्ही मिळाले. जबडा मात्र कुणालाच सापडेना. त्यानं समुद्राकाठी खणलं, बाभळीखाली खणलं, देवळामागं खणलं. फाटकी पायताणं आणि फुटके रांजण यांच्याशिवाय काही हाती लागेना.

सोमवारी त्याचा धीर सुटला. गेम बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला होता. थांबवून 'लिस्ट' म्हटलं की आतल्या सगळ्या ओळी पडद्यावर यायच्या. मच्छिंद्रनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दात होते. मणके होते. जबडा कुठंच नव्हता. मॅडम तो घालायलाच विसरल्या होत्या.

आधी त्याला संताप आला. मग एकदम गार वाटलं. म्हणजे ही बया शेवटच्या दिवसापर्यंत खणत बसणार! आणि शेवटच्या दिवशी तो मॅडमना नम्रपणे त्यांची चूक दाखवणार. चूक कुणी शोधली? मच्छिंद्रनं.

त्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच उठला.

"आज लवकर?" कैनातनं संशयानं विचारलं.

"खण बाई, खण," तो म्हणाला. "नशीब असलं तर घावंल."

गुरुवारी दुपारी कैनातनं साऱ्या क्लासला हाक मारली. तिच्या चौथऱ्यावर शार्क उभा होता, पुरा, जबडा वासून.

"कुठं घावला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"काठावर." तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

ती चहाला गेली तशी त्यानं तिची फ्लॉपी उघडली. मॅडमच्या गेमपेक्षा तिच्यात चाळीस ओळी जास्त होत्या. त्यानं दोन्हींचे कागद प्रिंटरवर काढले आणि त्या चाळीस ओळींखाली तांबड्या पेनानं रेघा ओढल्या. घरी गेल्यावर तो आईला म्हणाला, "यंदा कोयत्याला धार लावू नको."

शेवटच्या दिवशी, शनिवारी, मॅडमपुढं सगळे जमले. मच्छिंद्रनं टेबलावर कागद पसरले.

"मॅडम, हिनं चोरी केली. तुमच्या गेममधी जबडाच न्हाई. हिनं आत घुसून सोताच्या हातानं लिवलाय."

कैनातचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचले. घाई केली नाही.

"खरं आहे?"

"हो," कैनात म्हणाली. "बुधवारी कळलं मला. खणून मिळणारच नव्हता. मग मीच लिहिला." तिनं आपली पर्स उचलली.

मागं कुणीतरी हसलं. मच्छिंद्रला सूर्यभानची मोडलेली फ्लॉपी आठवली.

"तुमी घालायचा इसरलात, मॅडम," तो आवाज खाली आणून म्हणाला. "व्हतं असं कामाच्या नादात."

"विसरले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "जबडा नाही हे तुला कधी कळलं?"

"सोमवारीच!" त्याची छाती फुगली. "हिच्या आदी दोन दिस."

"आणि मग काय केलंस?"

"हिच्यावर नजर ठिवली, मॅडम."

मॅडमनी कागदांची नीट घडी घातली आणि ती त्याच्या हातात परत दिली. मग दाराशी पोचलेल्या मुलीकडं वळल्या.

"कैनात, तुझ्या शार्कचा जबडा उघडतो, पण मिटत नाही. सोमवारी आलीस की आधी तेवढं बघ."