पाव बंद

बेकरीवाल्याच्या बायकोने वजन उतरवायचे तीन तक्ते त्याच्यापुढे आपटले. "पहिल्यात दिवसाला दोन स्लाइस चालतात. दुसऱ्यात पंधरा दिवसांनी पाव पुन्हा सुरू. तिसऱ्यात कायमचा बंद. मी तिसरा धरलाय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या गरम पावासाठी लोक सकाळी उठून रांग लावतात, आणि तू नाक मुरडतेस? आरशात बघ जरा, हाडांची काडं झालीयेत! तुला कसलं वजन उतरवायचंय?"

"चुलीत गेलं वजन!" न खपलेल्या पावांची टोपली तिने त्याच्याकडे ढकलली. "लोकांना गरम, आणि मला बावीस वर्षं रोज कालचा उरलेला. आजपासून हा तुम्ही खा."