अखंड आख

मार्लाने तोंड उघडायच्या आतच गाडीखालून हात बाहेर आला. ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांत किल्ली होती.

"घे," डेल्मर म्हणाला. "हीच न्यायला आलीयस ना? केंटने पाठवलं असेल."

केंटनेच पाठवलं होतं. गेल्या महिन्यात म्हाताऱ्याने गाडी घालून चर्चची पाटी आडवी केली. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, ज्याच्याकडे बघाल त्याचा मधला भाग पुसलेला दिसणार, कडा तेवढ्या दिसतील. मग भाऊराया डेन्व्हरला बसल्या बसल्या गाडीला गिऱ्हाईक बघून मोकळा झाला. ते आज दुपारी यायचं होतं. बापाच्या हातून किल्ली काढून घ्यायचं काम तेवढं मार्लाचं, कारण ती जवळ राहते आणि मुलगी आहे.

किल्ली इतकी सहज हातात पडल्यावर तिला संशय आला. ती वाकून बघायला लागली. गाडीला पुढची चाकं नव्हती. चाकंच काय, पुढचं काहीच नव्हतं. कंपनीने प्रत्येक चाकाला वेगळे बसवलेले सांधे कापून कोपऱ्यात टाकले होते, जेवण झाल्यावर कोंबडीची हाडं टाकावीत तसे. त्या जागी, लाकडाच्या ठोकळ्यांवर, कुठल्याशा जुन्या ट्रकचा आख ठेवलेला. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी दांडा.

"डॅड, काय करून ठेवलंस हे?"

"तीस वर्षं करायचं राहिलं होतं ते. चर्चला जाताना तुझ्या आईच्या कंबरेला धक्के बसायला नकोत म्हणून गप्प होतो." तो अजून गाडीखालीच होता. "सुटी सुटी चाकं डांबरावर ठीक. खडकावर ती आपापल्या तंद्रीत असतात. एक वर गेलं की दुसऱ्याने जमीन दाबून धरली पाहिजे. त्याला आखच लागतो."

"आणि खडकावर नेणार कोण?"

गाडीखाली हातोडीचे दोन ठोके पडले.

"गिऱ्हाईक येतंय दुपारी."

"येऊ दे की. मागची बाजू घेऊन जा म्हणावं."

मार्लाने जाकीट काढून शेडच्या खिळ्याला अडकवलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकली. लहानपणी ती इथेच त्याच्याशेजारी पडून दिवा धरायची. म्हातारा स्प्रिंगचे पाटे अडकवायचे लोखंडी कान गाडीच्या सांगाड्याला, चासीला, वेल्डिंगने जोडत होता. उजवा बरोबर होता. डावा तिने पाहिला, आणि थोडा वेळ पाहतच राहिली. असाच राहिला तर आख तिरका बसेल आणि गाडी जन्मभर रस्ता सोडून ओढ्याकडे धावेल.

"डावा कान मागे आहे."

"नाही."

"बोटभर मागे आहे, डॅड."

"अंगठ्याने मोजलाय. हा अंगठा तुझ्या जन्माआधीपासून मोजतोय, पोरी."

ती वाद घालत बसली नाही. मागच्या बोल्टपासून उजव्या कानापर्यंत तिने सुतळी ताणली, तिथे गाठ मारली. तीच सुतळी डाव्या बाजूला तशीच ताणली आणि त्याचा अंगठा धरून गाठीवर ठेवला. गाठ कानाच्या पुढे गेली होती. अंगठा गाठीवरून कानावर गेला, परत गाठीवर आला. पुन्हा गेला. मग त्याने हात छातीवर ठेवून दिला.

"घट्ट जोडलाय तो," तो म्हणाला. आवाज एवढासा.

"वेल्डिंगचे नुसते टाकेच मारलेत. निघतील."

"केंटला काय सांगशील?"

"सरक जरा. ठिणग्या उडतील."

तिने ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात बाहेर खडी वाजलेली दोघांनाही कळली नाही. कान सुटून खाली पडला तेव्हा शेडच्या दारात नवी कोरी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. त्याच्या मागे ट्रेलर.

"केंटशी बोलणं झालंय," तो म्हणाला. "गाडी चालू आहे म्हणाला."

"चालूच आहे," खालून डेल्मर बोलला. "पुढे जात नाही, एवढंच."

माणसाने वाकून पाहिलं. डोकं खाजवलं. "हरकत नाही. विंच आहे माझ्याकडे, ओढून चढवतो. किल्ली कुणाकडे आहे?"

मार्ला बाहेर आली. चेहऱ्यावर काजळी, केसांत लोखंडाचा चुरा. ग्राइंडर तिने खाली ठेवला नाही.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडेच राहणार आहे." हे तिने जरा मोठ्याने म्हटलं, गाडीखाली ऐकू जाईल इतपत. "आणि गाडी विकायची नाही."

"अहो पण, तुमचा भाऊ—"

"भाऊ डेन्व्हरला असतो. गाडी इथे आहे."

"इतक्या लांबून आलो मी."

"थर्मासमध्ये कॉफी आहे. पिऊन जा."

त्याने कॉफी घेतली नाही. ट्रेलर अंगणात वळवताना त्याने दोनदा मागेपुढे केलं, दोन्ही वेळा कुंपणाला घासला. मग खडीचा आवाज रस्त्याकडे लांब गेला. खिशातला फोन वाजायला लागला. मार्लाने तो वाजू दिला. पुन्हा पुठ्ठ्यावर आडवी झाली, सुतळी ताणली, सुटलेला कान गाठीशी नेऊन धरला.

"बघ," ती म्हणाली.

डेल्मरने अंगठा फिरवला. एकदाच. मग हात वर करून गाडीच्या पोटावर थाप मारली.

"तुला सीट पुढे सरकवावी लागेल," तो म्हणाला. "तुझे पाय आईवर गेलेत, आखूड."