खाऱ्या माशांचा खटला

"कुंकू लाव, बांगड्या भर," मालक दामशेट आवडाबाईला म्हणाला. "विधवा दिसलीस, तर मॅजिस्ट्रेट विचारील, नवरा कशानं गेला?"

खारे मासे दामशेटचे होते, पण बाजारात बसून आवडाबाई विकायची. म्हणून सडकं अन्न विकल्याचा खटला नव्या कायद्यानं तिच्यावरच झाला. तेच मासे खाऊन तिचा नवरा परवा खाडीपलीकडच्या गावी वारला होता. इथं दामशेटशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"घरी हेच मासे खाता?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"होय साहेब. रोज."

"नवरासुद्धा?"

ती तुरुंगात गेली, तर आंधळ्या सासूला पाणी द्यायलाही घरात कुणी नव्हतं.

"खातात की. ठणठणीत आहेत."

ती निर्दोष सुटली. जप्तीतून परत मिळालेलं पिंप दामशेटनं कोर्टाच्या पायरीवरच उघडलं. गर्दीतून एक पोटुशी बाई पुढं आली.

"आत तुमचं बोलणं ऐकलं मी. आमचे हे आजारातून उठलेत. त्यांना सोसतील ना हे मासे?"

दामशेट आवडाबाईच्या मागेच उभा होता.

"सोसतील," ती म्हणाली, आणि चार जाड मासे निवडून तिनं त्या बाईच्या पदरात घातले.