न कळण्याची अट

"हे तुम्ही मंजूर केलंत?" कंपनीच्या वकीलबाईंनी लॅपटॉपचा पडदा त्याच्याकडे फिरवला.

ऑफिसात त्याला सगळे परवानेसाहेब म्हणत. लोकांनी लिहून जगासाठी खुला सोडलेला कोड कुठल्या अटींवर वापरायचा, हे सांगणं त्याचं काम. हे नाव कौतुकानं पडलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

प्रश्न एका छोट्याशा कोडचा होता. कंपनी रुग्णालयांसाठी औषधांच्या वेळा पाळणारी प्रणाली बनवत होती, आणि वॉर्डातल्या सगळ्या यंत्रांची घड्याळं हा कोड जुळवून ठेवत असे. त्याच्या परवान्यात सुरुवातीला नेहमीचंच होतं: वापरा, बदला, विका. तिथवर वाचून त्यानं मंजुरी देऊन टाकली होती. खाली आणखी एक परिच्छेद होता.

'अट एकच. हा कोड कसा चालतो ते आपल्याला कळलेलं नाही, असं वापरणाऱ्यानं स्वतःच्या नावानं या प्रकल्पाच्या इंटरनेटवरच्या पानावर जाहीर लिहावं. ज्याला कळला असेल त्यानं मला तसं कळवावं. त्याला ही अट माफ.'

"विचित्र आहे, पण कायद्यानं बांधतं," वकीलबाई म्हणाल्या. "लिहा, नाहीतर कोड काढा."

"लिहायची गरज काय? मला कळलाय की."

तोंडातून निघून गेलं. तोंडाचं काय, त्याला कोड वाचावा लागत नाही.

"उत्तम. मग सोमवारी मलाही समजावून सांगा."

शनिवार-रविवार तो कोडपुढे ठाण मांडून बसला. कोडात एका ठिकाणी सात वजा केले होते आणि दोन ओळींनंतर तेच सात मिळवले होते. हा तर मूर्खपणा, म्हणून त्यानं दोन्ही ओळी पुसल्या. चाचणीतली सगळी घड्याळं कालच्या तारखेला जाऊन बसली. त्यानं मुकाट्यानं त्या परत लिहिल्या.

"कळलं नाही म्हणायला जीभ झडते का रे?" बायकोनं कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"तुला नाही त्यातलं कळायचं."

"नाहीच कळत मला. बघ, किती सोपं असतं म्हणायला."

सोमवारी त्यानं फळाभर चौकोन काढले. चौकोनांना बाण जोडले. बाणांना रंग दिले. अर्धा तास तो इतकं सफाईनं बोलला की मधे मधे त्याला स्वतःलाच पटायला लागलं.

वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकच शंका. दोन यंत्रांच्या वेळा वेगळ्या निघाल्या, तर हा कुणाची खरी धरतो?"

"ते... परिस्थितीवर अवलंबून आहे."

"कुणाच्या? पेशंटच्या?"

कुठल्याशा वॉर्डातली एक खाट त्याच्या डोळ्यांपुढे आली. खाटेवरचा माणूस गाढ झोपलेला. त्याच्या उशाशी ते यंत्र, आणि यंत्रात ते सात. इतके दिवस तो परवान्याची चिंता करत होता. या माणसाची चिंता कुणीच केली नव्हती.

त्यानं फळा पुसला.

"बाई, मला कळलेलं नाही. शप्पथ, काडीचंही नाही."

जीभ झडली नाही. उलट, खूप दिवसांनी पायातला बूट काढावा तसं काहीतरी झालं.

त्यानं प्रणालीची पुढची आवृत्ती थांबवली. तो कोड काढायला लावला. त्याच्या जागी साधा, हळू चालणारा, पण ऑफिसातल्या प्रत्येकाला समजेल असा नवा कोड लिहायला घेतला. तरी जुन्या आवृत्तीत तो वापरला गेलाच होता. म्हणून त्यानं प्रकल्पाच्या पानावर स्वतःचं नाव आणि हुद्दा घालून लिहिलं: 'हा कोड आम्ही वापरला. तो कसा चालतो ते मला कळलेलं नाही.' आता सगळ्या धंद्यात आपलं हसं होणार, अशी त्यानं मनाची तयारी केली. पण हातातलं काम टाकून एक सहकारी टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, आम्हाला वाटायचं, तो फक्त आम्हालाच कळत नाही."

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईंचा होता.

"तो कोड मी लिहिलाय. अहो, एवढ्या वर्षांत जाहीर लिहिणारे तुम्ही पहिलेच! बाकी सगळ्यांनी 'कळला' म्हणूनच कळवलं."

त्याचे कान तापले. "आणि तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवलात?"

"आशेनं ठेवला हो. प्रत्येकाला फोन करून विनवलं, बाबा रे, समजावून सांग. एकालाही जमलं नाही."

"पण... समजावून कुणाला सांगायचं होतं?"

"मला," बाई म्हणाल्या. "लिहिला त्या दिवसापासून मी विचारतेय."